नामाच्या पुढचे आठ दिवस

नामाची व्याख्या मी चार गावांत चार वेळा शिकले. पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या गावात, आटपाडीच्या पलीकडं, जिथं पावसाळ्याचे चार महिने आमच्या घराचं दार उघडं असायचं. मग मायणीजवळ, मग पुसेसावळीजवळ, आणि मग रहिमतपूरच्या वाटेवरच्या एका दोन खोल्यांच्या शाळेत. 'अ नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग.' मायणीचे गुरुजी हे वाक्य टेबलावर छडी आपटत म्हणायचे, पुसेसावळीचे डोळे मिटून म्हणायचे, आणि रहिमतपूरकडचे तर सगळ्या वर्गाकडून चालीवर म्हणून घ्यायचे. मला तिन्ही तऱ्हा अजून करून दाखवता येतात. पुढं सांगलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना, दुपारच्या तासाला वर्ग पेंगायला लागला की मी त्या करून दाखवायची. पोरं हसायची. बाई विनोद करतायत असं त्यांना वाटायचं.

आम्ही मेंढरंवाले धनगर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पश्चिमेला, पाण्याच्या मुलखात उतरायचं, आणि मिरगाच्या आधी माघारी यायचं, हा आमच्या वर्षाचा क्रम. वाडा म्हटलं की पुस्तकं वाचणाऱ्यांना चौक, ओसरी आणि तुळस आठवते. आमचा वाडा म्हणजे चार बिऱ्हाडं, अडीचशे मेंढरं, तीन घोडी, चार कुत्री आणि मेंढरं कोंडायचं जाळं. रोज संध्याकाळी एखाद्या बागायतदाराच्या मोकळ्या रानात जाळं लावून मेंढरं बसवायची. त्याच्या रानाला लेंडीखत व्हायचं आणि तो आम्हांला ज्वारी द्यायचा. एक रान झालं की शेजारचं, गाव संपलं की पुढचं गाव. त्यामुळं एका शाळेत मी आठ दिवस असायची, फार तर पंधरा. नवीन पोरगी दिसली की गुरुजी विचारायचे, कितवीत आहेस आणि पुस्तक कुठंय, आणि दोन्ही उत्तरं ऐकून मला पहिल्या पानापासून सुरू करायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पहिल्या पानावर सगळीकडं नामच असायचं, आणि ते पान उलटायच्या आत आमची घोडी लादून झालेली असायची.

हल्ली लोकांना माझ्या लहानपणाचं फार कौतुक वाटतं. एखाद्या कार्यक्रमात खांद्यावर घोंगडी टाकतात, मोकळ्या आभाळाखालच्या बालपणाविषयी बोलतात, आणि मग मी दोन शब्द बोलावेत म्हणून माईक पुढं करतात. मोकळ्या आभाळाखाली दव पडतं आणि सकाळी अंथरूण पिळावं लागतं, एवढं सांगून मी खाली बसते. खरं तर मला आठवतात ते आवाज. संध्याकाळी मेंढरं रानातून परत यायची त्या वेळी, दिवसभर डालग्याखाली झाकलेली कोकरं सोडली की प्रत्येक कोकरू आपली आई शोधत ओरडायचं आणि प्रत्येक आई आपलं कोकरू शोधत. त्या कालव्यात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागायचं. अर्ध्या घटकेत सगळं शांत व्हायचं, आणि मग तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटलेलं ऐकू यायचं. माडगं, भाकरी, मिरचीचा खर्डा आणि शेळीच्या दुधाचा चहा. त्या चहाचा वास आज कुणी समोर आणला तर मी पिणार नाही, पण तेव्हा तो पुरायचा नाही.

वाड्यातली शाळेत जाणारी मी एकटीच. त्याला कारण माझी हुशारी नव्हती. सहाव्या वर्षी मी लादलेल्या घोड्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मेंढरांमागं चालता येईना म्हणून त्या साली मला गावी आत्याकडं ठेवलं, आणि घरात बसून तरी काय करायची म्हणून आत्यानं शाळेत घातलं. पाय बरा झाला तरी सवय सुटली नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेला हरकत घेतली नाही. कोकरांचं काम सकाळी उरकून जायचं, एवढीच अट. पण सातवीच्या पुढं काय, हे सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच वयात झालं होतं, आणि माझ्यासाठी मामाचा मुलगा ठरल्यातच जमा होता. पुढच्या दिवाळीआधी बार उडवायचा, असं मामा प्रत्येक भेटीत म्हणायचा आणि माझ्याकडं बघून हसायचा. मामाचा मुलगा चांगला होता, अजूनही आहे. मला फक्त लग्न करायचं नव्हतं.

त्या साली उन्हं तापायला लागली त्या सुमाराला आमचा वाडा कोरेगावच्या अलीकडं, वसना नदीच्या काठच्या एका गावात उतरला. तिथल्या सातवीला बर्गे बाई होत्या. ठेंगण्या, पायात काळ्या चपला, आणि बोलणं असं की खेकसतायत की विचारतायत ते कळू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, काळी मेंढी जोरात पळते अशा अर्थाचं, कदाचित माझ्याकडं बघूनच लिहिलं असावं, आणि मला उभं केलं. नाम कुठलं? मी सांगितलं. व्याख्या? मी सांगितली, रहिमतपूरच्या चालीवर. वर्ग खिदळला. क्रियापद? मी गप्प. विशेषण? गप्प. बाईंनी खडू खाली ठेवला.

"सातवीत आहेस ना गं? बाकीचं कुणी शिकवलं नाही?"

"बाकीच्याला आमी कवा थांबलोच न्हाई, बाई."

मला वाटलं आता पहिल्या पानापासून सुरू. पण बाईंनी पुस्तक मिटलं आणि शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. साताऱ्यात मुलींचं एक वसतिगृह होतं, आठवीपासून घेत, राहणं-जेवण तिथंच. त्याच्या प्रवेशाची परीक्षा बारा दिवसांनी कोरेगावात होणार होती. गणित आणि मराठी माझं बरं होतं, हे त्यांनी दोन दिवसांत तपासून घेतलं. इंग्रजीच्या पेपरात मात्र उतारा देऊन त्यातल्या शब्दांच्या जाती ओळखायला सांगत, आणि जाती आठ होत्या. माझ्याजवळ एक होती.

चौथ्या दिवशी बाई वाड्यावर आल्या. कुत्र्यांनी त्यांना बांधावरच अडवलं, आणि आई हातातलं पीठ तसंच ठेवून त्यांना आणायला गेली. माझी आई उंच, हाडापेरानं मोठी, आणि अगदी कमी बोलणारी बाई. अंगठा उठवायची. बाईंनी आमचा चहा न कुरकुरता प्यायला आणि सरळ विषयाला हात घातला. रोज शाळा सुटल्यावर एक-एक जात शिकवली तर पोरगी तयार होईल, पण पोरगी इथं असायला पाहिजे. वाडा कधी हलणार?

"परवा," आई म्हणाली.

"मग कसं जमायचं?"

आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "आन न्हाई जमलं तर हिचं काय?"

"तुम्हांलाच माहीत," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

वाडा कधी हलवायचा हे कारभारी ठरवतो, आणि आमचा कारभारी म्हणजे आबा. त्यात बायकांनी बोलायचं नसतं, आणि पोरीच्या परीक्षेसाठी अडीचशे मेंढरं थांबवा असं आईनं सांगितलं असतं तर आबांनी ऐकलं असतं तरी बाकीच्या तीन बिऱ्हाडांनी ऐकलं नसतं. चारा संपत आला होता. पण एका गोष्टीत बायकांचा शब्द चालायचा. मेंढ्या व्यायला झाल्या असतील तर वाडा हलवायचा नाही, कारण वाटेत व्याली की कोकरू आणि आई दोन्ही जायची भीती. आणि कुठली मेंढी कधी विणार हे बायका सांगतील तेच खरं. कोकरं सांभाळणं बायकांचं, म्हणून तेही बायकांचंच. त्या बाबतीत आईचा डोळा वाड्यात पहिला मानायचे. मेंढीच्या चालीवरनं ती दिवस सांगायची आणि एखाद-दुसऱ्या दिवसाच्या वर कधी चुकायची नाही. शेजारच्या वाड्यातल्या बायकाही तिला न्यायला यायच्या.

त्याच संध्याकाळी मेंढरं परत आल्यावर, सगळे ऐकतील अशा बेतानं ती आबांना म्हणाली, "आवं, त्या चवदा मेंढ्या व्यायला झाल्यात. आट-धा दिस वाडा हालवाया न्हाई."

माझा चुलता तात्या जाळ्याची खुंटी ठोकत होता. "चवदा? ह्या दिसांत?" तो म्हणाला.

"व्हय, चवदा."

मी तिथंच उभी होते. मी कोकरांची पोरगी, मला एवढं कळत होतं. दोन मेंढ्यांची कास भरलेली होती. बाकीच्या बारा मेंढ्यांना महिना तरी अवकाश होता. मी आईकडं बघितलं, आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आबांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ."

असे ते आठ दिवस मिळाले. शाळा सुटली की बाई मला लिंबाखाली बसवायच्या. सर्वनाम एका बैठकीत झालं. विशेषण शिकवताना बाई थकल्या नाहीत, मीच त्यांना थकवलं. कारण आमच्या मेंढरांना नावं नसतात, खुणा असतात. तोंड काळं, कान कापलेला, शिंग वाकडं, अंगावर पांढरा पट्टा, लोकर दाट, लोकर विरळ. अडीचशे मेंढरं आम्ही अशी ओळखायचो. एक वही भरली. क्रियापद सोपं गेलं. क्रियाविशेषणानं मात्र दोन दिवस खाल्ले, आणि त्या दोन दिवसांत मी बाईंचा पहिला फटका खाल्ला. शब्दयोगी अव्ययासाठी त्या परत वाड्यावर आल्या. लादायच्या घोड्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बोल. ऑन द हॉर्स, अंडर द बास्केट, बिटवीन द पॉट्स. घोड्यावर कोंबडी, डालग्याखाली कोकरू, दोन डेऱ्यांच्या मध्ये तवा. मराठीत 'वर' शब्दाच्या मागनं येतो आणि इंग्रजीत पुढनं, एवढंच लक्षात ठेव, असं सांगून त्या गेल्या. मी आयुष्यभर वर्गात हेच सांगितलं, फक्त घोड्याच्या जागी टेबल असायचं.

आईला यातलं काहीच कळत नव्हतं. रोज परत आले की ती विचारायची, "आज कोन्तं झालं?" मी नाव सांगायची. ते ती ऐकून घ्यायची नाही. "आन किती ऱ्हायलं?" हा तिचा खरा प्रश्न. पाच, चार, तीन. आकडा उतरला की ती चुलीकडं वळायची. या काळात दोन मेंढ्या व्याल्या, ज्या खरंच विणार होत्या त्या. बाकीच्या बारा मजेत चरत होत्या. तात्या रोज संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याभोवती फिरायचा. "वैनी, कुटं हायती कोकरं?" तो विचारायचा, सगळ्यांसमोर. आई म्हणायची, "दिस फुडं ग्येलं आसतील." तिच्या तोंडून असं वाक्य वाड्यानं कधी ऐकलं नव्हतं. माझी चुलती तिच्या तोंडाकडं बघायची आणि कामाला लागायची.

आमच्या आसपासचा चारा चौथ्या दिवशीच संपला. पुढचं गाव दुसऱ्या वाड्यानं धरलं. माणसं मेंढरं घेऊन लांब-लांब जाऊ लागली आणि मेंढरं अर्धपोटी परत येऊ लागली. सातव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून येतेय तोवर बांधावर पळापळ दिसली. ज्वारी काढून नेलेल्या एका रानात पाटाचं पाणी फुटलं होतं आणि धाटांच्या बुडख्यांना हिरवेगार कोंब आले होते. ते कोंब मेंढरानं खाल्ले की किरळ लागते, कोवळ्या ज्वारीचं विष भिनतं, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोराला माहीत असतं. अशा रानाला आम्ही लांबून वळसा घालतो. पण मेंढरं भुकेली होती, तात्या एकटा होता, आणि डोळा चुकवून निम्मी मेंढरं त्या रानात शिरली. मी पोचले तेव्हा ती थरथरत होती, तोंडाला फेस होता, एक-एक करून गुडघ्यावर येत होती. ताक पाजलं, गुळाचं पाणी पाजलं. बायका मेंढ्यांची तोंडं मांडीवर धरून बसल्या होत्या. उन्हं कलेपर्यंत नऊ मेली. चार आमची आणि पाच तात्याची.

तात्या रडत होता. "आदीच हाललो आसतो तर," असं तो परत परत म्हणत होता, कुणाला उद्देशून असं नाही. आबा मेलेल्या मेंढरांच्या रांगेपाशी उभे होते. मी कोपऱ्यात घोंगडीवर दप्तर घेऊन बसले आणि बसूनच राहिले. त्या दिवशीची जात राहिली होती. आई माझ्यापाशी आली. तिच्या हातांना फेस लागलेला होता.

"बाई वाट बगत आसतील. जा."

"आये, मी न्हाई जात."

"जा म्हणते न्हवं. आज ऱ्हायलं तर ही नऊ फुकट ग्येली."

मी गेले. ती जात उभयान्वयी अव्यय होती. अँड, बट, बिकॉज. बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पाटीवर वाक्य दिलं, 'आय वॉज लेट बिकॉज', आणि पुढचं पुरं करायला सांगितलं. मी 'माय मदर' एवढं लिहिलं आणि थांबले. मग थुंकी लावून पुसलं आणि पोटात दुखत होतं असं काहीतरी लिहिलं. दोन चुका निघाल्या. केवलप्रयोगी अव्यय दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत झालं, आणि नवव्या दिवशी सकाळी बाई मला कोरेगावला घेऊन गेल्या. पेपराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उतारा एका शेतकऱ्याचा आणि त्याच्या बैलाचा होता. मी सगळ्या शब्दांखाली रेघा मारल्या, एक क्रियाविशेषण चुकलं, ते बाहेर आल्यावर बाईंनी ओळखलं. दुपारी परत आले तेव्हा वाडा लादून तयार होता. माझ्यासाठी थांबला होता असं म्हणता येणार नाही, एका घोडीचा नाल निघाला होता.

त्यानंतरच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी, की पुढच्या मुक्कामावर आबांनी आमच्यातल्या पाच मेंढ्या उचलून तात्याच्या मेंढरांत सोडल्या. चांगल्या निवडून. असं करायचा रिवाज नाही. किरळ लागणं कुणाच्या हातचं नसतं, आणि राखण तर तात्याचीच होती. तात्याही नको-नको म्हणत होता. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि विषय संपला. वाड्यातल्या लोकांना वाटलं भावाची माया. दुसरी गोष्ट आईची. तिच्या डोळ्यावरचा वाड्याचा विश्वास उडाला. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण त्या सालापासून मेंढी व्यायला झाली का हे बायका माझ्या चुलतीला विचारू लागल्या. एकदा माझ्या देखत एक बाई दुसऱ्या वाड्यातनं आली आणि आईच्या पुढून चुलतीकडं गेली. आई शेणी थापत होती. तिनं मान वर केली नाही. तिला जे येत होतं ते वाड्यात कुणालाच तेवढं येत नव्हतं, आणि ते तिनं आठ दिवसांसाठी देऊन टाकलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझी साताऱ्याची वाट बंद झाली असती. मी तेरा वर्षांची होते हे खरं, पण ही सबब मला कधी पुरली नाही.

मिरगाला गावी परतलो तेव्हा आत्याकडं बर्गे बाईंचं कार्ड येऊन पडलं होतं. वसतिगृहात जागा मिळाली होती. मामा दोन दिवस रुसला. साताऱ्याला मला पोचवायला आबा आले, एसटीत त्यांना उलटी झाली, आणि वसतिगृहाच्या पायरीवर माझी वळकटी ठेवून ते पाणीसुद्धा न पिता माघारी गेले. बाकीचं आयुष्य मग त्या पायरीपासून सरळ गेलं. डी.एड., बी.ए., सांगलीची नोकरी, लग्न, घर. व्याकरण मला कधी जड गेलं नाही. लोक म्हणतात, इंग्रजी व्याकरण रुक्ष असतं. मला ते तसं कधी वाटलं नाही, एवढंच म्हणेन.

आई शेवटच्या आजारात माझ्याकडंच होती. त्या गोष्टीविषयी आम्ही उभ्या जन्मात एकदाच बोललो, तेही तिनं काढलं म्हणून. "नऊ जीव," ती म्हणाली. आणि मग, "ह्यांस्नी कवा सांगू नगंस. मी त्यास्नी फसीवलं." मी शपथ घेतली. ती गेल्यावर चार वर्षांनी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला आले. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर हिरवा कपडा, बोलायला दुसरं कुणी नाही, असे आम्ही दोघं दुपारी गॅलरीत बसायचो. एका दुपारी मी शपथ मोडली. का मोडली ते मला सांगता येत नाही. इतकी वर्षं धरून ठेवलं होतं आणि त्यांना दिसत नव्हतं म्हणून सोपं गेलं असेल.

"आबा, त्या साली कोरेगावाकडं वाडा थांबला हुता. ध्यानात हाय?"

"हाय की. किरळ लागली हुती."

"त्या मेंढ्या व्यायला झाल्या न्हवत्या. आय लबाड बोलली हुती. माज्या परीक्षेपायी."

आबांनी मान हलवली. "म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच सांजंला. मेंढरं कोंडताना चवदांच्याबी कासंवरनं हात फिरीवला. दोनच हुत्या."

मला संताप आला. आबांवर मी जन्मात तेवढी कधी चिडले नव्हते. आई माझ्यापुढं शेणी थापत बसलेली दिसली, आणि दुसऱ्या वाड्यातली ती बाई चुलतीकडं जाताना दिसली. मी म्हटलं, मग तेव्हाच का हलवला नाही वाडा?

"तिला लबाड बोलाया येतच न्हवतं गं. ईस वर्सं संसार झाला हुता, येकदा बोलली न्हवती. म्हणलं, ही आज बोलतिया, म्हंजी काम तेवढंच मोटं आसंल."

"मग नंतर तरी सांगायचं तिला. तुमाला फसवलं म्हणून झुरत ग्येली ती."

खाली रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

"त्ये तिनं केल्यालं काम हुतं," आबा म्हणाले. " मला ठावं हाय म्हणलो आसतो, तर निम्मं माजं झालं आसतं. तिला तेवढं येकच तर करायला मिळालं हुतं तुज्यासाटी."

मला रडू फुटलं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मी आवाज सावरला आणि विचारलं, "आन ती नऊ मेंढरं, आबा? ती कुणाची?"

"ती माजी," आबा म्हणाले. "कारभारी मी हुतो."